न दिसलेलं रक्त

आमच्या घाटंजीकडे अजूनही पाचवीला सटवाई पुजतात. पाटा-वरवंटा, कोरा कागद, लेखणी. पहिल्या आठवड्याची ही धास्ती निराधार नव्हती. धनुर्वात, जंतुसंसर्ग, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचाच वाटा मोठा. पण त्यांच्या आड आणखी एक मरण लपलेलं होतं, आणि मला त्याचाच माग काढायचा आहे. सकाळी अंगावर पिणारं धडधाकट बाळ संध्याकाळी पांढरंफटक, निपचित पडतं. रक्ताचा थेंब कुठं दिसत नाही.

बॉस्टनच्या चार्ल्स टाउनसेंड यांनी १८९४ साली रक्तस्राव झालेल्या ५० नवजातांची नोंद प्रसिद्ध केली. हा आनुवंशिक हिमोफिलिया नव्हे, हे त्यांनी ओळखलं. कारण वाचलेल्या बाळाला ही खोड जन्मभर चिकटत नाही. पण नाळेतून, शौचातून वाहणारं रक्त आईलाही दिसतं. कवटीत किंवा यकृताच्या आवरणाखाली साचलेलं रक्त त्या काळी शवविच्छेदनाशिवाय कळणं कठीण होतं. पाच दिवसांच्या लेकराचं शवविच्छेदन आपल्याकडे कोण करणार? त्याला पुरत. मग कारण उरे ते नजर, बाधा, नाहीतर सटवाईचा लेख.

खरं कारण कोंबडीच्या पिल्लांत सापडलं. कोपनहेगनचे हेन्रिक डाम स्निग्धांश काढलेल्या खाद्यावरच्या पिल्लांतला रक्तस्राव अभ्यासत होते. उण्या पडणाऱ्या घटकाला त्यांनी १९३५ साली ‘के’ जीवनसत्त्व म्हटलं. ‘कोआगुलेशन’ म्हणजे रक्त गोठणं, त्यातला हा ‘के’. ते वारेतून फार थोडं उतरतं, आईच्या दुधातही कमीच असतं. म्हणून धोका पहिल्या आठवड्यात. आणि निव्वळ अंगावर पिणाऱ्या काही बाळांत पुढे बाराव्या आठवड्यापर्यंत, तेव्हा बहुधा मेंदूत. (यावरून कुणी आईचं दूध तोडू नये. उपाय एका टोचणीचा आहे.)

ती टोचणी गावात कशी पोचली, हे विदर्भाने पाहिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत घरोघरी नवजातसेवा उभी केली, तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. गावातल्याच बाया बाळ तोलत, श्वास मोजत, आणि ‘के’चं इंजेक्शनही देत. रोग ओळखण्याची वाटच पाहायची नाही, सगळ्यांनाच द्यायचं, हा विचार मला निदानाइतकाच मोलाचा वाटतो. केंद्र सरकारच्या २०१४च्या सूचनाही तेच सांगतात: प्रत्येक नवजाताला १ मिलिग्रॅम, हजार ग्रॅमहून कमी वजनाच्याला निम्मं.

ज्याला ते मिळालंच नाही, त्याच्या बाबतीत मात्र ओळखच कामी येते. एकाएकी आलेला पांढुरकेपणा, फुगलेली टाळू, सुटलेलं दूध, झटके. कधी सुई टोचल्या जागेवरून न थांबणारं रक्त. अशा बाळाला डॉक्टर आधी ‘के’ देतात, रक्ताच्या अहवालासाठी थांबत नाहीत.