ब्रेकचे पेडल कडक झाले? बूस्टर, पाईप की चाक, दोष असा ओळखा

जळकोट : पेडलवर सगळा जोर दिला तरी पाय खाली जात नाही, गाडी मात्र पुढे सरकतच राहते. चालक म्हणतात, "ब्रेक दगडासारखा झालाय." बालाघाटाच्या चढ-उतारावर वसलेल्या जळकोट तालुक्यात हा दोष अंगावर काढणे जिवावर बेतू शकते. घोणसी, अतनूर, वांजरवाडा परिसरातून उदगीरच्या बाजारात ये-जा करणाऱ्या जीप, पिकअप आणि कारचालकांनी कारण समजून घेतले, तर दुरुस्तीचा खर्चही वाचतो आणि धोकाही टळतो.

पेडल हलके कशामुळे लागते?

पेडल आणि मास्टर सिलेंडरच्या मध्ये काळा गोल डबा असतो, तोच ब्रेक बूस्टर. आत रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना डब्यातली हवा ओढली जाते. पेडल दाबले की पडद्याच्या एका बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तिचा दाब चालकाच्या पायाला मदत करतो. 9 इंची बूस्टरमध्ये 18 इंच पाऱ्याइतके निर्वात असेल, तर ही मदत अडीचशे किलोच्या आसपास भरते. ती थांबली की सगळा भार पायावर येतो. ब्रेक पूर्ण जात नाही, पण गाडी थांबायला अंतर खूप जास्त लागते.

पेट्रोल गाडीत ही ओढ इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डमधून मिळते. डिझेल इंजिनात तशी ओढ तयार होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. अनेक जुन्या जीपमध्ये तो अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो.

घरच्या घरी तीन चाचण्या

गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून आणि चाकांना दगड लावून उभी करावी.

1. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. ते कडक झाले की दाबून धरावे आणि गाडी चालू करावी. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतोय. हललेच नाही तर मदत मिळत नाही.
2. इंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे आणि थांबून-थांबून पेडल दाबावे. पहिल्यांदा ते खोल जावे, नंतर दर वेळी वर राहावे. पहिल्याच दाबाला कडक लागले तर एकेरी व्हॉल्व्ह, पाईप किंवा बूस्टर हवा सोडतोय.
3. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, तसेच धरून इंजिन बंद करावे. अर्धा मिनिट पेडल जागेवर राहिले पाहिजे. पायाला वर ढकलू लागले तर गळती आहे.

दोष नेमका कुठे?

सुरुवात स्वस्त वस्तूपासून करावी. इंजिनकडून बूस्टरकडे जाणारा जाड रबरी पाईप उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तडकतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली तर उंदीर तो कुरतडतात. कधी पाईप बाहेरून धड दिसतो, पण आतून दबलेला असतो.

पाईपमधला किंवा बूस्टरच्या तोंडावरचा एकेरी व्हॉल्व्ह काढून फुंकून पाहावा. बूस्टरच्या बाजूने फुंकल्यास हवा पार जावी, इंजिनच्या बाजूने फुंकल्यास अडावी. दोन्हीकडून गेली किंवा दोन्हीकडून अडली तर व्हॉल्व्ह बदलावा.

डिझेल गाडीत इंजिन चालू ठेवून पाईपच्या तोंडावर अंगठा धरावा. जोरदार ओढ लागली नाही तर पंप किंवा त्याच्याकडून येणारा पाईप तपासावा. बऱ्याच गाड्यांत टर्बोच्या नियंत्रणाचे बारीक पाईपही याच पंपावर असतात. त्यातला एक निसटला तरी ब्रेकची ओढ कमी होते.

ओढ चांगली, व्हॉल्व्ह चांगला, तरी पेडल कडक असेल तर संशय बूस्टरवर. पेडल दाबताच पायाजवळ 'सूं' आवाज सुरू राहणे किंवा इंजिन थरथरणे ही पडदा फाटल्याची खूण. बाहेर गळती नसताना ब्रेक ऑईल कमी होत असेल तर ते मास्टर सिलेंडरच्या मागच्या सीलमधून बूस्टरमध्ये उतरत असू शकते. अशा वेळी दोन्ही भाग तपासावेत. बूस्टर पूर्णच बदलावा लागतो आणि पुशरॉडचे अंतर जुळवावे लागते, नाहीतर ब्रेक धरूनच राहतो. हे काम जाणत्या मेस्त्रीकडेच द्यावे.

तिन्ही चाचण्या व्यवस्थित आल्या, तर दोष चाकाकडे शोधावा : अडकलेला कॅलिपर पिस्टन, चकचकीत झालेले पॅड, आतून फुगलेला रबरी होज. ब्रेक ऑईलच्या जागी इंजिन ऑईल टाकल्यास सगळी सील फुगतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच, डॉट 3 किंवा डॉट 4, वापरावे.

महागड्या गाड्याही सुटल्या नाहीत

गंजामुळे बूस्टर निकामी होण्याच्या शक्यतेने जून 2022 मध्ये मर्सिडीज-बेंझने 2004 ते 2015 या काळात बनलेल्या एमएल, जीएल आणि आर मालिकेतील जगभरातील सुमारे 10 लाख गाड्या परत बोलावल्या होत्या.

उतारावर इंजिन बंद करू नका

डिझेल वाचवायला उतारावर गाडी बंद करून सोडण्याची सवय अनेकांना आहे. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते, पॉवर स्टिअरिंगही जड होते. चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होण्याचा धोका वेगळाच.

चालत्या गाडीत पेडल कडक झाले तर पाय वर-खाली करू नये, त्याने उरलेली मदतही संपते. दोन्ही पायांनी एकसारखे जोरात दाबून धरावे, एकेक करून खालचे गिअर टाकावेत आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. थांबल्यावर गाडी पुढे न चालवता टोचन करून गॅरेजला न्यावी.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 190 नुसार सदोष, असुरक्षित गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे. प्रवासी जीप आणि मालवाहू गाड्यांना 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी फिटनेस तपासणी करावी लागते. मात्र दोन तपासण्यांच्या मध्ये पाईप कधीही तडकू शकतो. पहिली चाचणी सकाळी गाडी चालू करतानाच होते, तिला अर्धा मिनिटही लागत नाही.