गोव्याच्या तहाची मंजुरी

विजयदुर्गाची वाट आणि गगनबावड्याकडून उतरणारी घाटवाट ज्या रस्त्यास आमच्या तळेऱ्यात येऊन मिळतात, तो मुंबई-गोवा मार्ग पुढे बांद्यावरून पत्रादेवीपाशी गोव्यात शिरतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी त्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींनी पोर्तुगीजांच्या गोळ्या झेलल्या. आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा याने शरणागतीवर सही केली, तेव्हा आमच्या मुलखाच्या लेखी गोव्याचा प्रश्न कायमचा मिटला. दप्तरी मात्र तो आणखी तेरा वर्षे खुला राहिला.

भारताने आपल्या बाजूचे काम विनाविलंब पुरे केले. स्वतःचा मुलूख परराष्ट्रास द्यावयाचा तर घटनादुरुस्ती अनिवार्य आहे, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरुबारी प्रकरणी दिला होता. संपादित मुलूख सामावून घेण्यास मात्र आपली राज्यघटना पूर्वीच्या सत्ताधीशाची संमती मागत नाही, म्हणून १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हे २० डिसेंबर १९६१ पासून केंद्रशासित प्रदेश ठरले.

खरी अडचण लिस्बनची होती. पोर्तुगालच्या १९३३ च्या संविधानाने गोव्याची गणना राष्ट्रभूमीतच केली असल्यामुळे केवळ मंत्र्याच्या सहीने गोव्यावरील हक्क सुटणारा नव्हता. २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने जुनी राजवट उलथल्यावर, १५ ऑक्टोबरच्या खास कायद्याने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार करण्याची मुभा मिळाली, आणि ३१ डिसेंबरला नवी दिल्लीत मारियु सुआरिश व आपले यशवंतराव चव्हाण या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी तहावर सह्या केल्या. परंतु सही करणारा मंत्री हा मुखत्यार असतो. राष्ट्र बांधले जाते ते अनुसमर्थनाने. आपल्याकडे त्यासाठी मंत्रिमंडळाची संमती व राष्ट्रपतींच्या नावाचा दस्तऐवज पुरतो, संसदेचे मतदान लागत नाही. पोर्तुगालने एप्रिल १९७५ मध्ये हुकूमनाम्याद्वारे तह मंजूर केला, आणि ३ जून १९७५ पासून तो अमलात आला.

या तहाचे मर्म त्याच्या पहिल्या कलमात आहे. हे प्रदेश भारतीय राज्यघटनेनुसार ज्या दिवशी भारताचे भाग झाले, त्या दिवसापासूनचे भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने त्यात मान्य केले. पाँडिचेरीचा मुलूख फ्रान्सने १९५६ च्या तहाने भारताच्या स्वाधीन केला. गोव्याच्या तहात पोर्तुगालने काही दिले नाही, घडलेले कबूल केले. म्हणूनच मधल्या तेरा वर्षांत भारताच्या कायद्याखाली झालेल्या कारभारास नव्या सनदेची गरज उरली नाही, आणि सत्याग्रहींनी प्राण देऊन मांडलेला दावा प्रतिपक्षाच्याच मोहरेने शाबीत झाला.