गेजपासून स्क्वेअरपर्यंत: मुळशीच्या तारेचा हिशेब

मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. लढा हरला. भातखाचरे, घरे, देवळे पाण्याखाली गेली. 1927 मध्ये घाटाखाली भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले आणि मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईकडे निघाली.

मुंबई तिथून ऐंशीहून अधिक किलोमीटर. टाटांनी 1915 मध्ये खोपोलीची वीज मुंबईला नेली तेव्हाच या अंतराचे उत्तर सापडले होते: दाब एक लाख व्होल्टच्या घरात ठेवायचा. व्होल्टेज दहापट केले की तेवढ्याच विजेसाठी करंट दहावा भाग लागतो आणि त्याच तारेत उष्णतेपोटी वाया जाणारी वीज शंभराव्या भागावर येते. त्यामुळे एवढ्या लांबवर वीज न्यायलाही बेताच्या जाडीची तार पुरते. गिरण्यांची वाफेची इंजिने जाऊन मोटारी आल्या, त्या या हिशेबावर.

घरापर्यंत पोचलेल्या विजेला मात्र ही मुभा नसते. तिथे दाब ठरलेला, म्हणून जाडीच वाढवावी लागते. ही जाडी मोजायची रीत ब्रिटिशांकडून आली. स्टँडर्ड वायर गेज तिकडे 1884 पासून कायदेशीर झाले. त्यात आकडा वाढतो तशी तार बारीक होते, कारण तार जितक्या वेळा साच्यातून ओढावी तितकी ती पातळ होते. 18 गेजची तार 1.22 मिलिमीटर जाड, 20 ची 0.91, 22 ची 0.71. त्यावरूनच तीन-बावीस, तीन-वीस, सात-वीस ही नावे पडली: आधी तारांची संख्या, मग गेज.

1956 च्या वजनमापांच्या कायद्याने देश मेट्रिक झाला आणि केबलवर चौरस मिलिमीटर, बोलीभाषेत ‘स्क्वेअर’, आले. तरीही वायरमनच्या तोंडी जुने आकडे टिकले. दुकानात तीन-वीस म्हणजे अडीच स्क्वेअर असे सर्रास धरतात. हिशेब मांडला तर 20 गेजच्या तीन तारांचा छेद जेमतेम 2 चौरस मिलिमीटर भरतो, आणि सात-वीसचा सुमारे 4.6. जुन्या घराच्या वायरिंगवर नवा लोड टाकताना हा फरक लक्षात ठेवलेलाच बरा.

मध्ये एक काळ ॲल्युमिनियमचाही आला. तांबे महाग, बरेचसे परदेशातून येणारे. हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी 1967 मध्ये निघाली. तोवर आणि नंतरही घरोघरी ॲल्युमिनियमची वायर पडली. तिची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्के, म्हणजे त्याच करंटला दीडपटीहून जास्त छेद हवा. शिवाय जोड सैल पडतात, त्यावर ऑक्साइड चढते आणि तिथेच तापते. आज घरात तांबे परतले आहे, खांबांवर ॲल्युमिनियमच राहिले.

शेतीपंपाचे उदाहरण घेतले की सगळे स्पष्ट होते. पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटार 415 व्होल्टवर साधारण साडेसात अँपिअर घेते. एवढा करंट अडीच स्क्वेअरची तांब्याची तार सहज पेलते, म्हणून दुकानदार तीच हातात देतो. पण मुळशीत नदीकाठचा पंप मीटरपासून तीनशे मीटरवर असणे नवलाचे नाही. तेवढ्या अंतरात त्या तारेत सुमारे 25 व्होल्ट गळतात. खेड्यात दाब आधीच कमी असला, तर मोटार तेवढेच पाणी ओढायला जास्त करंट घेते, वाइंडिंग तापते आणि शेवटी मोटार जळते. डायरेक्ट स्टार्टरवर सुरू होताना करंट सहापटीच्या आसपास जातो. मग दाब आणखी पडतो आणि कधी मोटार नुसती गुणगुणत राहते.

यात दोष मोटारीचा नसतो, पण रिवाइंडिंगचे बिल शेतकऱ्यालाच भरावे लागते. पंप मीटरशेजारी असेल तर अडीच स्क्वेअर भरपूर झाली. तीनशे मीटरवर चार स्क्वेअर टाकली तर घट 15 व्होल्टवर येते, सहा टाकली तर 10 वर.