विदर्भातील हातकताई : कौशल्य, आनंद आणि मजुरी

प्रस्तावना :

चरख्याचा इतिहास बहुधा स्वदेशीच्या राजकारणाचा किंवा खादीच्या अर्थकारणाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. चरखा फिरविणाऱ्या व्यक्तीला त्या कामातून कोणते समाधान मिळत होते, हा प्रश्न त्यात दुय्यम राहिला. जात्यावरील ओव्यांच्या संकलनांमुळे दळणाऱ्या स्त्रीचे मन अभ्यासकांपुढे आले. कातणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले. प्रस्तुत निबंधात जानेफळ-मेहकर परिसरापासून वर्ध्यापर्यंतच्या हातकताईचा या दृष्टीने विचार केला आहे.

विणकर आणि अनाम कातणारी :

जानेफळ हे गाव बुलडाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात येते. मेहकर हे एकेकाळी विणकरांचे गाव म्हणून प्रसिद्ध होते. तेथील मोमीन विणकर इतके संपन्न होते की गावाच्या तटबंदीचे काम त्यांनी आपल्या शिरावर घेतले, अशी परंपरा ब्रिटिशकालीन गॅझेटिअरने नोंदविली आहे. गिरणीचे सूत येण्यापूर्वी एका मागाला सूत पुरविण्यासाठी अनेक हातांना कातावे लागे. म्हणजेच विणकरांच्या या वैभवामागे आसपासच्या खेड्यांतील कातणाऱ्या हातांचे श्रम होते. विणकरांची आठवण मात्र वेशीच्या दगडांत टिकली, कातणाऱ्यांची टिकली नाही.

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापसाला मोठी मागणी आली. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खामगावच्या रेल्वेचे उद्घाटन झाले. रेल्वेमुळे विलायती कापड स्वस्तात येईल आणि देशी कापडाच्या धंद्यातील माणसे कापसाच्या शेतीकडे वळतील, अशी अपेक्षा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नाक यांनी व्यक्त केली होती. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीचे सूत विणकराला काही काळ उपयोगी पडले, परंतु कातणाऱ्या स्त्रीचे काम त्याने हिरावून घेतले. कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातच रहाट अडगळीत पडला.

कताईतील आनंदाचे स्वरूप :

कातणे वरवर सोपे दिसते. सरकी काढलेला कापूस पिंजून त्याचे पेळू करावयाचे. एका हाताने चाक फिरवावयाचे आणि दुसऱ्या हाताने पेळू चातीपासून मागे ओढीत न्यावयाचा. हात घाईने ओढला तर धागा तुटतो, रेंगाळला तर गाठाळतो. आखूड धाग्याच्या गावरान कापसाला पीळ अधिक लागतो, म्हणून तो कातताना हाताची परीक्षा अधिकच होते. पीळ किती बसला, हे डोळ्यांआधी बोटांना कळते. काही दिवसांच्या सरावानंतर चाकाची गती आणि हाताची ओढ यांचा मेळ बसतो व मन शांत होते. या कामात प्रगती मोजताही येते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी आणि चार लट्यांची एक गुंडी, असे चरखा संघाच्या कार्यकर्त्यांचे परिमाण होते. दिवसाच्या शेवटी हातात येणारी गुंडी म्हणजे श्रमाचे दृश्य रूप होय. हा आनंद केवळ विरंगुळ्याचा नाही. तो कौशल्य अंगी बाणल्याचा आहे.

आनंद कोणाचा? :

डिसेंबर १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट स्वीकारण्यात आली. वर्षभरातच, सप्टेंबर १९२५ मध्ये, ती शिथिल करावी लागली आणि त्याच वेळी अखिल भारतीय चरखा संघाची स्थापना झाली. कताईतून शांती मिळते, ही साक्ष प्रामुख्याने स्वेच्छेने कातणाऱ्या सुशिक्षितांची आहे. मजुरीसाठी दिवसभर कातणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने त्याच चरख्याचा अर्थ निराळा होता. तिच्या सुताला मिळणारा मोबदला इतका अल्प होता की त्यात तिचे पोटही भरत नसे.

ही विसंगती विनोबा भावे यांनी स्वतःच्या देहावर तपासून पाहिली. १९३५ मध्ये वर्ध्याजवळील नालवाडी येथे दिवसाचे अनेक तास सूत कातून, कातणाऱ्याला मिळणाऱ्या मजुरीतच निर्वाह करण्याचा प्रयोग त्यांनी केला. कताईवर ज्यांची नितांत श्रद्धा होती, त्यांनीच तिच्या मोबदल्याची उणीव उघडी करावी, ही घटना महत्त्वाची आहे. त्याच वर्षी गांधीजींच्या आग्रहाने चरखा संघाने आठ तासांच्या कुशल कामाला निर्वाहापुरती किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महागली. तथापि स्वस्त खादीचा भार कातणाऱ्या स्त्रीवर टाकणे न्याय्य नाही, हे तत्त्व मान्य झाले.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नयी तालीममध्ये टकळी व चरखा शाळेत आले. मुलांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेवर टीका झाली. शिक्षणाचे रूपांतर सक्तीच्या श्रमात होईल, ही त्यामागील भीती होती. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात अंबर चरख्याने सुताचे उत्पादन वाढविले. मात्र त्यात तंतू ओढण्याचे काम रुळांकडे गेले आणि हाताकडे मुख्यतः दांडा फिरविणे उरले. मिळकतीची शक्यता वाढली, परंतु बोटांचे कौशल्य मागे पडले.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, हातकताईचा आनंद खरा आहे. परंतु तो केवळ चरख्यात नाही. स्वतःचा वेळ, हातातील कौशल्य आणि श्रमाचे योग्य मोल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच तो टिकतो. यांतील एक जरी वजा झाली, तरी त्याची जागा सक्ती, यांत्रिकता किंवा उपासमार घेते. मेहकरच्या तटबंदीच्या परंपरेत विणकरांना स्थान मिळाले. त्या विणकरांना सूत पुरविणाऱ्या परिसरातील स्त्रियांच्या श्रमांची नोंद घेणे, हे स्थानिक इतिहासलेखनाचे अद्याप उरलेले कर्तव्य होय.