व्हिटवर्थची रायफल आणि गोळीची लांबी

गोळी जड झाली की रायफलच्या नळीतील पीळही घट्ट हवा, असा नियम निशाणेबाजीच्या चर्चेत नेहमी सांगितला जातो. व्यवहारात तो खरा ठरतो. परंतु त्याचे मूळ वजनात नाही, हे जोसेफ व्हिटवर्थ याच्या प्रयोगांवरून दिसते.

१८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल (१८५७ च्या काडतुसांमुळे भारतीय इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित असलेली तीच) ०·५७७ इंच व्यासाची होती. तिचा पीळ ७८ इंचांत एक फेरा इतका सैल असल्याने ३९ इंचांच्या नळीत गोळीस अवघा अर्धा फेरा मिळे. व्हिटवर्थने ०·४५१ इंचाची षट्कोनी नळी आणि २० इंचांत एक फेरा हे प्रमाण ठरविले. दोन्ही गोळ्यांचे वजन मात्र सुमारे ५३० ग्रेनच! अरुंद नळीत तेवढेच शिसे बसवावयाचे म्हणजे गोळी लांब होणार. आणि लांब गोळीस हवेचा रोध उलथून टाकू पाहतो, म्हणून ती अधिक वेगाने फिरविणे भाग पडते. १८५७ मध्ये हाइथ येथील चाचण्यांत नव्या रायफलने एनफील्डला सहज मागे टाकले. तरीही नळीत साचणारी काजळी व खर्च यांमुळे सैन्याने ती सरसकट स्वीकारली नाही.

या अनुभवास सूत्ररूप दिले ते वुलिच येथील गणिताचा प्राध्यापक ग्रीनहिल याने, १८७९ मध्ये. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या जितकी पट असेल, तितक्याने १५० ला भागावे. एका फेऱ्याचे अंतर व्यासाच्या पटीत मिळते. तिप्पट लांबीच्या गोळीस ५० पट, म्हणजे व्हिटवर्थच्या नळीत सुमारे २२·५ इंच. सूत्रात वजनाचे पदच नाही. व्हिटवर्थचा पीळ याहून किंचित घट्टच होता, आणि तोही सूत्राच्या वीसएक वर्षे आधी.