सुप्याचा माळ

पुणे–सोलापूर रस्त्यावर, दौंड तालुक्यात, चौफुल्याला वळले की मोरगावच्या वाटेवर सुपे लागते. गावालगत मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली घोषित झालेले, क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. वाळवंट नव्हे, पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला कोरडा माळ. टेकड्याही बुटक्याच. चिंकारा पाहायला गेलेल्या माणसाला पहिला तासभर गवताखेरीज काही दिसत नाही.

आपल्या निसर्गवर्णनांना सह्याद्रीचे कडे लागतात. माळाच्या वाट्याला 'उजाड', 'ओसाड' ही विशेषणे येतात. 'पडीक' हा शब्द तर सरळ महसुली दप्तरातून आला आहे. जे सारा देत नाही ते रिकामे, असा त्याचा अर्थ. पाहणाऱ्यांनी मात्र इथले भरलेपण पाहिले होते. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा चंडोल याच कोरड्या मुलखातला. त्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी 'देवा' हा शब्द ठेवला.

साइक्स यांची यादी प्रसिद्ध झाली त्यानंतर चारच वर्षांनी, १८३६ मध्ये, शेजारच्या इंदापुरात विंगेट आणि गोल्डस्मिड यांची नवी जमीन-मोजणी सुरू झाली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि हलक्या जमिनीवरही नांगर फिरला. युद्ध संपले, भाव कोसळले. सारा आणि कर्ज मात्र राहिले. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, याच सुप्यात लोकांनी सावकारांच्या पेढ्यांतून वह्या आणि रोखे ओढून काढले. रोष मुख्यतः कागदावर होता. त्यातून चौकशी आयोग आला, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. इतिहासाची पुस्तके हे सारे कर्जाच्या अंगाने सांगतात, ते योग्यच. पण ज्या कुरणावर भीमथडीची तट्टे आणि मेंढरे चरली, त्याचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. माझ्या मते दंग्याची एक बाजू या मातीतच आहे: ती गवताला पुरेशी होती, साऱ्याला नव्हती.

ऊन कलल्यावर एक चिंकारा मादी गवतातून उठली. ती इतका वेळ समोरच बसलेली होती.