मागचे पाहणे

माणसाला मागचे दिसावे, ही सोय देवाने केली नाही. ती मोटारवाल्यांनी केली आणि पुढे काढूनही घेतली! १९११ साली इंडियानापोलिसची पहिली ५०० मैलांची शर्यत रे हॅरूनने गाडीला आरसा लावून जिंकली. इतरांच्या शेजारी मागचे सांगायला मेकॅनिक बसत.

आमच्या हातकणंगल्यात हा मेकॅनिक रस्त्यावरच भेटे. १९६४ पासून कुर्ल्यात बनू लागलेल्या फियाट डिलाइटचे खांब बारीक, काचा ऐसपैस. तरी सांगली रस्त्यावर गाडी मागे घेताना कुणीतरी आपणहून ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ म्हणेच. तेही फुकट!

आताच्या सेडानचे छत वारा कापायला मागे उतरते, डिकी उंच, आणि गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून खांब जाड. काच उरली टपालपेटीच्या फटीएवढी. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे सेन्सर सक्तीचे झाले. ते टीं-टीं करतात खरे. पण डिकीआड चेंडू काढायला वाकलेले पोर त्यांच्याही तावडीतून सुटू शकते.

म्हणून मी आधी गाडीमागे एक चक्कर मारतो. लोक हसतात. हसोत बापडे. ते पोरही मोठे होऊन हसू दे, म्हणजे झाले.